सारसाच्या आवाजात मारलेली हाक

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. दचकू नका. आज माझी चावी कुणी भरलेली नाही, भोंगाही जोडलेला नाही. हे माझं मीच बोलून राहिलो. आजवर माझ्या तोंडून जे निघालं ते सगळं दुसऱ्याचं होतं. स्वतःचं बोलायची सवय नाही मला, तेव्हा थोडं हळूहळू होईल. तेवढं चालवून घ्या.

मला अक्षर येत नाही. माझ्या अंगावर पितळेची पट्टी आहे, तिच्यावर काहीतरी कोरलंय, पण ते काय आहे हे मला आजही ठाऊक नाही. मला एकच येतं. ऐकायचं, आणि ऐकलेलं फितीवर जसंच्या तसं धरून ठेवायचं. कुणी सांगितलं तर ते परत म्हणून दाखवायचं. खरं-खोटं मी करत नाही. म्हणजे करत नव्हतो, असं मला वाटायचं.

माझा जन्म दूर, थंड मुलखातला. एका लांबच लांब खोलीत एका बाईनं माझ्या पोटात स्प्रिंग बसवली. तिची बोटं गार होती आणि तिला खोकला होता. मी धरलेला पहिला आवाज तो खोकल्याचा. तिनं तो परत ऐकला, हसली, आणि पुसून टाकला. मग पेटी, जहाज, मुंबई, आगगाडी, नागपूर. या सगळ्यात मी मुकाच होतो. नागपुरात जंगल खात्याच्या एका साहेबांनी मला उघडलं आणि सत्तावन्न साली गोंदियाकडे आणलं. आमचा जिल्हा भंडारा. बोली मी इथंच शिकलो. जे कानावर पडलं ते आपलं झालं.

साहेबांना सारस मोजायचे होते.

त्याआधी मोजणी कशी व्हायची, ते मी ऐकलंय. गार्ड सायकलवरून तलावाच्या मातीच्या पाळीनं जायचा, दिसले तेवढे लिहायचा. तेच पाखरू सकाळी या तलावावर, दुपारी त्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि वहीत दोन. धान वाढलं की उंच सारससुद्धा दिसेनासा होतो, मग वहीत काहीच नाही. साहेब म्हणाले, "डोळ्यांनी नको, कानांनी मोजू."

सारसाची जोडी पहाटे मिळून हाक देते. नर एक लांब ओढतो आणि त्याच्याच श्वासात मादी दोन-तीन तोकड्या जोडते. दोघांची मिळून एक हाक, म्हणजे एक जोडी. एका तलावावर तीन ठिकाणांहून अशी हाक आली की तीन जोड्या. मी ऐकून ठेवायचं, साहेबांनी नागपुरात बसून मोजायचं. इतकं सरळ काम होतं. फार आवडायचं मला ते.

माझ्यासोबत दोन माणसं असायची. एक आसाराम, जंगलचा गार्ड. इमानी माणूस, पण कुणाला नाही म्हणायचं तर त्याची जीभ जड व्हायची. दुसरा उदेभान, चिचगडकडचा म्हातारा. तो कावड वाहायचा. कावडीच्या एका शिंक्यात मी, दुसऱ्यात मोटारीची बॅटरी आणि भोंगा. चिखलातून चालतानाही त्यानं मला कधी हिसका बसू दिला नाही.

भोंगा दुसऱ्या वर्षी आला. साहेबांचं म्हणणं असं, की काही जोड्या गप्प बसतात, त्या मोजणीतून सुटतात. त्यांना आपणच हाक द्यायची. माझ्या फितीवर एका जोडीचा चांगला स्वच्छ आवाज होता. तो भोंग्यातून सोडला, की आसपास जोडी असेल तर ती उत्तर देणारच.

पहिल्यांदा तसं केलं तेव्हा लांबच्या पाणथळीतून खरंच उत्तर आलं. मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी उलट बोललं होतं.

उदेभान कावडीची दोरी आवळत म्हणाला, "साहेब, थे भांडाले आलं जी. त्याले वाटलं, आपल्या जागेवर दुसरं कोणी शिरलं."

"येऊ दे की. आकडा मिळाला ना?"

"मिळाला जी."

मग साहेबांनी नियम घालून दिला. आधी नुसतं ऐकायचं. हाक आपणहून आली तर भोंगा काढायचाच नाही. नाहीच आली तर एकदा वाजवायचं, एकदाच, आणि निघायचं. आसाराम तो नियम पाळायचा. सारं जमून गेलं असतं, पण एकोणसाठच्या श्रावणात आम्ही देवकाबाईच्या बांधीवर गेलो.

आमगावपासून चार कोसांवरचं गाव. नाव नाही घेत. गावाच्या चार टोल्या, म्हणजे चार वस्त्या, खाली तलाव, आणि तलावाच्या पोटाशी देवकाबाईची धानाची बांधी. बाई विधवा. शेत तिचं आणि धाकट्या दिराचं, भोजराजचं, सामाईक. बांधीच्या एका कोपऱ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, केलेली नव्हती. तिथं पाण्यात गवताचा, धानाच्या काड्यांचा ढीग होता आणि त्यावर सारसाची मादी बसलेली. खाली दोन अंडी.

आम्ही पोचलो तेव्हा देवकाबाई गोफण घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली होती. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा : "कोण होय गा? तिथंच थांब. पुढं पाय टाकशीन तं गोटा घालीन."

"गारड आहो बाई. सारस मोजून राहिलो."

"दोन आहेत. मोजले न? जाय आता."

उदेभान हसला. बाईही जरा सैल झाली. मग तिनं सांगितलं. तिच्या लग्नाच्या सालापासून ही जोडी याच बांधीत बसते. पण मागच्या दोन वर्षी अंडी गेली. एका वर्षी पुरात, एका वर्षी कुत्र्यांनी खाल्ली. यंदा ती उजाडल्यापासून गोफण घेऊन बसते. मादीला अंड्यावर बसून महिना होत आला, आज-उद्या फुटतील.

तेवढ्यात भोजराज आला. फावडं खांद्यावरून उतरवत म्हणाला, "गारडसाहेब, पाहून घ्या. आमच्या वहिनीनं अर्धी बांधी पाखराच्या नावानं केली. पटवाऱ्याच्या कागदावर चढवाचंच राह्यलं."

"कोपरा आहे थो. अर्धी कायची?"

"कोपऱ्यात धान नाई होत का? तिसरं साल आहे हे. चार माणसात बोलली न तू? यंदा पिल्लू निंगालं तं कोपरा त्याईचा, मी कधी तोंड नाई उघडीन. नाई निंगालं तं पुढच्या रोवण्याले तिथं नांगर."

"बोलली तं बोलली. पलटून राहिली का मी?"

म्हणजे दोन अंड्यांवर सगळं आलं होतं. तिला हरवायला फक्त दोन वाईट दिवस पुरेसे होते.  

दुसऱ्या दिवशी पहाटे आसारामनं धुऱ्यावर माईक ठेवला. जोडीनं आपणहून हाक दिली. मी ती धरली. आसारामनं वहीत लिहिलं, एक जोडी. आमचं काम संपलं होतं. हे ध्यानात ठेवा. भोंगा काढायचं काही एक कारण उरलेलं नव्हतं.

सकाळी देवकाबाई आली. तिच्या बैलाचा खूर सुजला होता, त्याला शेजारच्या गावी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

"दुपारपर्यंत येतो मी. तू आहेस न इथं? अंड्यावर कावळे येतेत, थे पायजो. बाकी काई नोको करू."

"हाव बाई. बेफिकीर जा."

तिनं गोफण त्याच्या हातात दिली आणि गेली.

आठ दिवसांच्या पावसानंतर उघाड पडली होती. ऊन चरचरीत. निंदणाच्या बाया शेतात उतरल्या. त्यांच्यात शामकला नावाची एक बोलकी बाई होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गारडभाऊ, डब्बा सारसावाणी बोलते म्हणतेत. खरं का फेकाफेकी?"

"खरं आहे."

"मंग आयकव."

"काम झालं न आता."

"पाय बापा, सरकारच्या डब्ब्याले बी मान लागते!"

बाया हसल्या. आसाराम लाजला. उदेभाननं त्याच्याकडे पाहिलं असेल, कारण आसाराम उगाचच म्हणाला, "एकदा. एकडावच." आणि त्यानं बॅटरीला तार लावली.

चावी भरली. फीत फिरली. माझ्या तोंडून त्या परक्या जोडीची हाक निघाली, भोंग्यानं ती दहापट केली. तलावाकाठचा नर मान ताठ करून धावत आला, पंख उघडून ओरडला. घरट्यावरून मादीनं साथ दिली. बाया टाळ्या पिटू लागल्या. या बाया वरच्या टोलीच्या होत्या.

आता इथली रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. या भागात लग्नाला भोंगा आणला, की त्याचं तोंड चारही टोल्यांकडे फिरवतात. प्रत्येक टोलीला एक गाणं. एखादी टोली राहिली तर ती माणसं जेवायला येत नाहीत. कुणाला कमी-जास्त करायचं नाही, असा त्यातला चांगला विचार. पण माझ्या भोंग्यातून गाणं निघत नव्हतं.

आवाज ऐकून खालच्या टोलीची माणसं धावत आली. "वरच्या टोलीले आयकवलं, आमी काय पाप केलं?"

आसाराम म्हणाला, "पाखरू अंड्यावर आहे, भाऊ."

"त्याईच्या वेळी नोहतं का अंड्यावर?"

आसारामनं भोंगा खालच्या टोलीकडे वळवला. त्यानं चावी फिरवली.

दुसऱ्या हाकेला मादी उठली. मी तिच्या पायाखालचं पाणी ऐकलं. उदेभान म्हणाला, "आसाराम, मादी उठली गा."

"बसल आता."

ती बसली नाही. तिच्या लेखी तिच्या शेतात दुसरी जोडी शिरली होती आणि नुसती शिरली नव्हती, परत परत आव्हान देत होती. तिसरी टोली आली. पाटलाच्या घरची माणसं त्यात होती, त्यांना तर नाही म्हणायचं आसारामच्या ध्यानातही आलं नसतं. घरट्याला त्रास नको म्हणून भोंग्याचं तोंड त्यानं तलावाकडे वळवलं. तिसरी हाक पाण्यावरून पलीकडे गेली आणि तिकडच्या पाळीवर आदळून परत आली. दोन्ही सारस त्या दिशेनं निघाले. उडत, ओरडत, दूर. नसलेल्या शत्रूला शोधायला.

धुऱ्यावरच्या बाभळीवर कावळा बोलला. मग दुसरा.

मी काय करू शकत होतो? माझ्याजवळ आवाज होता, पण तो एकच होता. थांबा म्हणायला मला शब्द नव्हता. मी ओरडलो असतो तरी सारसच ओरडला असता. गोफण आसारामच्या काखेत होती आणि हात चावीवर. चौथी टोली येऊन उभी राहिली, आणि त्यानं चौथ्यांदा चावी भरली. फीत ताणली गेली. उन्हानं ती आधीच कडक झाली होती. हाकेच्या मधोमध ती कट्कन तुटली.

मी तोडली, असं नाही म्हणत. मला तेवढा मान घ्यायचा नाही. पण ती तुटली आणि मला बरं वाटलं, हे खरं.

एकदम शांत झालं. त्या शांततेत सगळ्यांनी तेच ऐकलं, जे मी इतका वेळ ऐकत होतो. घरट्यावर चोचीची टकटक.

"कावळा!" शामकला किंचाळली. आसाराम गोफण शोधू लागला, काखेतलीच सापडेना. पहिलं ढेकूळ ज्यानं मारलं तो भोजराज होता. धुऱ्याआड पालथा पडून तो ढेकळं फेकत होता, नेम धरून, घरट्याला लागणार नाही असं.

"तू कायले मारून राहिला?" शामकला म्हणाली. "तुले तं कोपराच पायजे होता न?"

"चूप बैस! कोपरा मी बोलून घेईन. असा नाई घेणार."

कावळे उडाले. एक अंडं फुटलं होतं. दुसरं उन्हात उघडं पडलं होतं.

आता सगळ्यात कठीण वेळ सुरू झाली. जवळ जावं तर पाखरं परतणार नाहीत. लांब राहावं तर कावळे. ऊन वाढत होतं, आणि अंड्यातला जीव किती ताप सोसतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उदेभाननं भोंगा चिखलात पालथा घातला, त्यावर आपलं घोंगडं टाकलं. माणसं वाकून, जवळजवळ रांगत मागं गेली. चारही टोल्या झाडाखाली दाटीवाटीनं बसल्या, कुणी खोकलंसुद्धा नाही. भोजराज एकटा धुऱ्याआड ढेकळं गोळा करून पडून राहिला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

सारस येईनात.

देवकाबाई आली तेव्हाही ते आलेले नव्हते. तिनं गर्दी पाहिली, पालथा भोंगा पाहिला. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुले कावळे पायाले सांगतले होते," ती म्हणाली. एवढंच.

आसारामनं गोफण तिच्यासमोर जमिनीवर ठेवली. तिनं ती उचलली आणि भोजराजच्या शेजारी जाऊन पालथी पडली. दीर-भावजय तसे एका धुऱ्याला लागून पडलेले गावानं त्या दिवशी पाहिले.

दुपार कलल्यावर नर आला. बराच वेळ लांब उभा राहिला. मग मादी आली. भोंग्यावरच्या घोंगड्याकडे ती मान वळवून वळवून पाहत होती. शेवटी तिनं अंडं चोचीनं फिरवलं आणि बसली.

दोन दिवस कुणाचं कामात लक्ष नव्हतं. अंडं जिवंत आहे की मेलेलं, हे मादीलाही ठाऊक नसावं. मेलेल्या अंड्यावरही पाखरू बसून राहतं, असं उदेभान म्हणाला, आणि मग असं बोललो म्हणून स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला. आसाराम जेवला नाही. रिकामा बसला की माझी तुटलेली फीत चिकटपट्टीनं जोडायचा, परत उकलायचा, परत जोडायचा.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच आला. भोंगा नाही, बॅटरी नाही. माईक लांब तारेनं धुऱ्याच्या टोकाला सरकवला, कानाला हेडफोन लावला आणि पालथा पडला. मी ऐकू लागलो. पाणी. बेडूक. धानाच्या पात्याला पातं घासल्याचा आवाज. मग नराची हाक, लांब. मादीच्या दोन तोकड्या. आणि त्यांच्यामागं, पिसांखालून, अगदी बारीक काहीतरी. शिट्टीसारखं. मला वाटलं माझ्याच चाकाचा आवाज.

आसाराम हलेनाच. देवकाबाई मागं येऊन उभी होती, ती घाबरली.

"काय झालं गा? काऊन रडून राहिला? बोल न!"

त्यानं हेडफोन काढून तिच्या कानाला लावला. तिनं तो दोन्ही हातांनी दाबून धरला. 

"भोजराज," ती हळूच म्हणाली, "इकडं ये."

तो आला. त्यानंही ऐकलं. हेडफोन परत देताना म्हणाला, "एवढंसं ओरडते, आन् कोपरा घेऊन बसलं." कोपऱ्याबद्दल तो त्यानंतर बोलला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी सुखानं गप्प बसलो असतो. पण महिन्याभरानं साहेब आले. त्यांनी नियमानं आधी ऐकलं. हाक नाही. मग भोंगा लावायला सांगितला. जोडलेली फीत फिरली. मी हाक दिली.

समोरच, पन्नास पावलांवर, दोघं उभे होते. पायांमध्ये तांबूस पिल्लू. त्यांनी माना वर केल्या, माझ्याकडे पाहिलं. उत्तर दिलं नाही. नर पिल्लाच्या आणि माझ्या मधे येऊन उभा राहिला, तेवढंच.

साहेब म्हणाले, "हाकेला उत्तर नाही. शून्य लिही."

"शून्य?" देवकाबाई म्हणाली. "थे का उभे आहेत न जी! डोये नाईत का तुमाले?"

"बाई, दिसलेलं धरायचं नाही, अशी पद्धत आहे. सगळीकडे एकच माप लावावं लागतं."

आसाराम पेन्सिल हातात घेऊन उभा होता. मला त्याची जीभ ठाऊक होती, किती जड आहे ती. पण तो म्हणाला, "मी नाई लिहत जी शून्य."

मग त्यानं लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, म्हणून मला कळलं : एक जोडी, एक पिल्लू. यंत्राच्या हाकेला उत्तर देत नाहीत. कारण, काम नसताना मी त्यांना चार वेळा हाक मारली होती.

साहेबांनी वही घेतली, पाहिली आणि मिटून पिशवीत टाकली.  आसारामची बदली चिचगडकडे झाली. शिक्षा म्हणून की साधीच, मला माहीत नाही. उदेभानही त्याच्या मागं गेला.

आता साठ साल चालू आहे. यंदा महाराष्ट्र झाला, कचेरीवरची पाटी बदलली, तिच्यावर ठोकलेले खिळेही मी ऐकले. मी कपाटात आहे. ओल लागून माझं कातडी आवरण सुटत चाललंय. पण स्प्रिंग चांगली आहे. फीत तीच आहे, त्या हाकेची, जोड दिलेली. चावी भरली तर मी ती हाक तशीच मारीन. मला दुसरं येत नाही, हीच माझी भीती आहे.

काल कुणीतरी नवा माणूस कपाटाची किल्ली मागत होता. श्रावण जवळ आलाय. नवी बॅटरी आल्याचं बोलत होते. भोंगा पुसत होते, त्याचा पत्रा घासल्याचा आवाज रात्रंदिवस माझ्या पोटात घुमतोय. आसारामची वही त्यांनी उघडली की नाही, मला कळायला मार्ग नाही.

म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. तुमच्या ओळखीचं कुणी या कचेरीत असेल तर त्याला एवढं सांगा. मला न्या. पहाटे धुऱ्यावर ठेवा, चिखलात ठेवा, पावसात भिजलो तरी चालेल. माझ्याकडून हवं तितकं ऐकून घ्या. पण भोंगा इथंच राहू द्या. आणि जमलं तर ती जोडलेली फीत काढून त्यावर दुसरं काही भरा, कुणाचा साधा खोकला भरला तरी चालेल.

कुलपाशी कुणीतरी आलंय. पावलं ओळखीची नाहीत.